चन्नपट्टणचा लाकडी ट्रक गाडीत तापून चिकट झाला, काय करू? पुढच्या वाटेवर कोणती वाहनं घ्यावीत?

संत्रानगरी

नमस्कार मंडळी. मदुराईत मुक्कामाला आहोत. उद्या-परवा पुढे निघायचं आहे, म्हणून जरा घाईने विचारते आहे.

माझे बाबा (वय ७२), माझा मुलगा (वय ८) आणि मी, असे तिघं नागपूरहून कन्याकुमारीला गाडीने निघालो आहोत. साधारण पावणेदोन हजार किलोमीटरचा रस्ता आहे. बाबांनी सत्तावीस वर्षं नागपूर-हैदराबाद-बेंगळुरू ट्रक चालवला. आजच्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाला ते अजूनही 'सात नंबर' म्हणतात. बेंगळुरूच्या पुढचा माल त्यांना कधी मिळाला नाही. कन्याकुमारीचं नाव त्यांनी आयुष्यभर फक्त पाट्यांवर वाचलं. तो उरलेला रस्ता त्यांना दाखवायचा म्हणून ही सफर.

मुलाने निघतानाच नियम ठरवला. प्रत्येक राज्यातून एक छोटं वाहन घ्यायचं, ते त्याच राज्यात हाताने बनलेलं हवं आणि चाकं खरोखर फिरायला हवीत. महाराष्ट्राचं वाहन घरूनच घेतलं, तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी नंदी. (विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं सजवलेला लाकडी बैल दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा मिळवतात.) महादेवाचं वाहन आहे, त्यामुळे नियमात बसतं असा मुलाचा निवाडा. तेलंगणात निर्मलला थांबून पोनिकीच्या हलक्या लाकडाची बैलगाडी घेतली. आंध्रात कर्नूल-अनंतपूर करत आलो, पण तिथलं असं काही सापडलं नाही. ती जागा रिकामी आहे.

कर्नाटकात चन्नपट्टण, लाकडी खेळण्यांचं गाव. बेंगळुरू-मैसुरू नवा द्रुतगती मार्ग गावाला बाहेरून वळसा घालतो, म्हणून मुद्दाम जुन्या रस्त्याने गेलो. तिथे बाबांनी स्वतः निवडून एक ट्रक घेतला. केशरी केबिन, हिरवी चाकं, आत गोल डोक्याचा ड्रायव्हर. दुकानात ते तो हातात घेऊन बराच वेळ उभे होते. "माझी पहिली गाडी याच रंगाची होती," एवढंच म्हणाले.

काल मीनाक्षी मंदिरात जाताना गाडी उन्हात लावली आणि ट्रक मागच्या काचेखाली राहिला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. साडेतीन तासांनी पाहिलं तर चाकं आसाला चिकटली होती, ड्रायव्हरच्या डोक्याला कागद चिकटला होता आणि हात लावला की बोटांचे ठसे उमटत होते. मुलाला वाटलं पुसून निघेल, त्याने सॅनिटायझर लावला. आता एका चाकाचा हिरवा रंग ओघळला आहे.

दुसरा ट्रक घेता येईल हे मला कळतं. पण बाबांनी निवडलेला हाच आहे. हा वाचवता येईल का? आणि तमिळनाडू नि केरळमध्ये मुलाच्या नियमात बसणारं काय मिळेल?

कातारी_आळी

ताई, आधी सॅनिटायझर बाजूला ठेवा. तो रंग नाही, लाख आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि सॅनिटायझरमध्ये स्पिरिटच असतं. थिनर, अत्तर, नेलपॉलिश काढायचं पाणी, यातलं काहीही लावू नका.

आमचं घर सावंतवाडीचं, आजोबा कातकाम करायचे, म्हणजे कातावर (लाकूड फिरवत तासून गोल करायच्या यंत्रावर) वस्तू घडवायचे. त्यांच्याकडे पाहिलंय ते सांगतो. लाकूड कातावर फिरत असताना त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने ऊब तयार होते, लाख पातळ होऊन लाकडावर पसरते. मग चन्नपट्टणला केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चमक आणतात. म्हणजे ती उष्णतेनेच चढलेली असते आणि उष्णतेनेच मऊ पडते. साधारण ६५-७० अंशांना तिचा कडकपणा जातो. भर मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली तेवढी उष्णता सहज साठते. खेळण्यात काही खोट नव्हती.

आता एक नीट बघून सांगा. चिकट कुठे कुठे झालंय? लाख गोल भागालाच चढते, कारण तुकडा फिरल्याशिवाय घर्षण होत नाही. चौकोनी हौदा आणि केबिन बहुतेक साध्या रंगाने रंगवलेले असतील. ते शाबूत असतील तर काम सोपं आहे.

संत्रानगरी

दादा, अगदी तसंच आहे. हौद्याला काही झालेलं नाही, केबिनही ठीक. चार चाकं आणि ड्रायव्हरचं डोकं एवढंच बिघडलंय. बाबांनी हे वाचलं आणि लगेच म्हणाले, "म्हणजे इंजिन चांगलं आहे, टायर बदलायचे."

कातारी_आळी

बाबांचं निदान बरोबर आहे. आज रात्री ट्रक पंख्याखाली उघडा ठेवा, गार झाला की लाख पुन्हा कडक होईल. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरेल आणि लाखेवर पांढरट डाग पडतील. चिकटलेला कागद नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. कापसाचा बोळा पाण्याने जेमतेम ओला करा, कागद मऊ करून बोटाने वळी करत काढा आणि जागा लगेच कोरडी करा. चाकं आसावरून ओढू नका. हलक्या हाताने फिरवत फिरवत सुटतील. पुढे लाखेचं काम करणारा कातारी मिळाला तर चाकं आणि डोकं काढून पुन्हा कातावर धरता येतात. जुनी लाख उतरवून नवी चढवायला त्याला फार वेळ लागत नाही.

पवनचक्की

मी नागरकोईलजवळ आरलवायमोळीला असतो, मुप्पंदलच्या पवनचक्क्यांवर काम करतो. ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गावात आहे: अंबासमुद्रम. तिरुनेलवेलीहून पश्चिमेला तासाभराच्या आत पोचाल. भातुकलीच्या लाकडी भांड्यांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे, इथे त्याला 'चोप्पु सामान' म्हणतात. तिथेही लाकूड कातून लाखेचा रंग देतात, म्हणजे तुमच्या ट्रकच्या टायरांची सोय होईल.

आणि वाहन हवं असेल तर 'नडैवंडी' मागा. आपल्याकडचा तीन चाकांचा पांगुळगाडा, बाळ धरून चालायला शिकतं तो. माझ्या मुलीला इथल्या शेजारच्या आजींनी पहिल्या वाढदिवसाला दिला होता. छोटी नडैवंडीही मिळते. माझ्या मते तमिळनाडूचं याहून खरं वाहन नाही.

कन्याकुमारीला किनाऱ्यावर शिंपल्यांच्या रिक्षा आणि जहाजं दिसतील, मुलगा हट्ट करेल. त्या घेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. शंख-शिंपल्यांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि रंग दिलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं आपल्याला शक्य नसतं. शिवाय त्याची चाकंही फिरत नाहीत!

गलाई_विटा

राम राम. आम्ही विट्याचे, तीन पिढ्या त्रिशूरला गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) काम करतोय. केरळचं मी सांगतो.

केरळात बसचं वेड फार. फोमच्या शीटवर कातर आणि कटर चालवून हुबेहूब बस बनवणारी पोरं गावोगाव आहेत. आतल्या सीटा, शिडी, आरसे, पुढच्या काचेवरचं नाव, सगळं. चाकंही फिरतात. पण ती ऑर्डर घेऊन बनवतात आणि बरेच दिवस लागतात. तुमच्या मार्गात बसणार नाही. वाटेत मिळेल ते म्हणजे लाकडी चुंडन वळ्ळम, सापासारखी लांब नाव. आलप्पुळाला भरपूर.

चाकं नाहीत हे खरं. पण बाळाला हे सांगा: १९५२ साली पंडित नेहरू आलप्पुळाला आले, शर्यत बघून खूष झाले आणि पुढे त्यांनी बक्षीस म्हणून चांदीची चुंडन वळ्ळमची प्रतिकृतीच पाठवली. आजही पुन्नमडा तलावावरच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला मिळते ती त्याच नावेची ट्रॉफी. ज्या राज्यात रस्त्याइतकीच वाहतूक पाण्यावरून झाली, तिथे वल्ही हीच चाकं.

घेताना वजन बघा. लाकडाची नाव हातात भरते, साच्यातली पोकळ लागते. आणि इकडे जूनच्या सुरुवातीला पाऊस येतो. तुमच्या निर्मलच्या गाडीला सांधे चिंचोक्याच्या खळीचे आणि भुश्याचे असणार. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरेल. सुती कापडात कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवा.

त्रिशूरवरून गेलात तर जेवायला घरी या. आईला माहेरच्या बोलीत बोलायला माणूस मिळत नाही.

घाटमाथा

आंध्रची जागा रिकामीच राहू द्या. कोंडापल्लीची बैलगाडी विजयवाड्याजवळची, एटिकोप्पाकाची लाखेची खेळणी त्याहून पुढची. दोन्ही तुमच्या रस्त्यापासून फार लांब. नागपुरात बसून मागवली तर ती सफरीची वस्तू होणार नाही.

संत्रानगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहिते आहे, कन्याकुमारीहून.

अंबासमुद्रमला गेलो. विचारत विचारत एका कारागिरांच्या घरी पोचलो. भाषा येत नव्हती. बाबांनी चाकं काढून त्यांच्या हातात ठेवली आणि स्टिअरिंग फिरवल्याची खूण केली, ते हसले. चाक यंत्राला लावलं, जुनी लाख उतरवली, नवी कांडी टेकवली. मुलगा एवढा शांत बसलेला मी प्रथमच पाहिला. चन्नपट्टणचा तो हिरवा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून चारही चाकं लाल केली. ड्रायव्हरच्या डोक्यावरून कागद निघाला, पण दोन अक्षरांची शाई राहिली आहे. तीही उतरवू का असं त्यांनी विचारलं, बाबांनी राहू द्या म्हटलं. पैसे त्यांनी फक्त नडैवंडीचे घेतले, चाकांचे घ्यायला तयार झाले नाहीत.

शिंपल्यांची रिक्षा घेतली नाही. पवनचक्की दादांचं कारण मुलाला सांगितल्यावर त्याने हट्ट केला नाही. आंध्रच्या नावाची चिठ्ठी डब्यात ठेवली आहे, रिकाम्या जागी.

आता सगळी वाहनं स्टीलच्या मोठ्या डब्यात, बाबांच्या सुती दुपट्ट्यात गुंडाळून, माझ्या सीटखाली सावलीत आहेत. गाडी लावली की डबा आमच्यासोबत उतरतो. परत जाताना केरळ-गोवा किनाऱ्याने येतोय. गलाई दादा, त्रिशूरला शुक्रवारी दुपारपर्यंत पोचू. तुमच्या आईंसाठी घरून आणलेली संत्र्याची बर्फी अजून शिल्लक आहे. कातारी दादा, सावंतवाडीत लाखेच्या कामाची एखादी छोटी गाडी मिळेल का? महाराष्ट्राचा नंदी आहे, पण मुलगा म्हणतो कोकणाचं वेगळं मोजायचं.

कातारी_आळी

मिळेल. मोती तलावाजवळ आलात की चितार आळीत या, मी सोबत येतो. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी.