स्वतः तलवार घेऊन उतरणारा सेनापती: नेमका शब्द कोणता?

कल्पनारम्य कादंबऱ्यांत हे पात्र हमखास भेटतं. हुद्दा सरसेनापतीचा, पण गडी कायम पहिल्या फळीत. 'लढवय्या सेनापती' म्हटलं तर बाकीचे नुसते बसून असतात असं वाटतं. 'बिनीचा सेनापती' चालेल का?

— बिनीचा नको. बिनी म्हणजे फौजेची आघाडीची तुकडी आणि तिच्यावरचा सरदार तो बिनीवाला. विसाजी कृष्ण बिनीवाले त्यातलेच. हल्ली आपण 'बिनीचा शिलेदार' नुसता 'अव्वल' या अर्थानं वापरतो, ते वेगळं.

— मग महारथी?

— ती योग्यतेची पायरी, पद नव्हे. उद्योगपर्वात सेनापती भीष्म वीरांची रथी, अतिरथी अशी प्रतवारी लावतात आणि कर्णाला अर्धरथी ठरवतात. तो इतका चिडतो की भीष्म पडेपर्यंत शस्त्र धरत नाही. कौरवांचे सेनापती बघा: भीष्म १० दिवस, द्रोण ५, कर्ण २, मग शल्य. चौघेही रणातच पडले. त्या कथेत खरं तर न लढणाऱ्या सेनापतीला शब्द शोधावा लागला असता!

— मराठेशाहीतही तेच. सरनौबत प्रतापराव गुजर १६७४ मध्ये नेसरीला पडले, हंबीरराव मोहिते १६८७ मध्ये वाईजवळ. फरक एवढाच की प्रतापराव फौज मागे ठेवून मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानावर धावून गेले. कादंबरीकारांना हाच प्रसंग भुरळ घालतो, पण सेनापतीपण तिथं उरतं का, हा माझा जुना वाद आहे.

— मूळ प्रश्नाकडे या. बखरीत यासाठी 'खासा' आहे. खासा म्हणजे मुख्य माणूस स्वतः. 'सरदार पाठवले नाहीत, खासा चालून आला' असं लिहिलं की हुद्दाही कळतो आणि हजेरीही. विशेषण जोडायची गरजच नाही.

— पण आज 'खाशी स्वारी' आपण चेष्टेत म्हणतो. 'खासा ॲडमिरल यानातून उतरला' वाचून लोक हसतील. 'जातीनं' कसं वाटतं?

— 'जातीनं लक्ष घातलं' इथपर्यंत ठीक. 'सेनापती जातीनं लढला' लिहिलंत तर निम्मे वाचक त्याचं आडनाव विचारतील. ऐतिहासिक कथेत खासा, अवकाशकथेत सरळ 'खुद्द'.