ब्लॉक जुन्या आवृत्तीत, टॉप नव्या: सगळ्यांना एकच टूल-आवृत्ती सक्तीची करावी का?

टॉपचा_हमाल (धागाकर्ता)

परवा टॉपचं (अख्ख्या चिपचं) सीडीसी रन, म्हणजे एका क्लॉकवरून दुसऱ्या क्लॉकवर जाणाऱ्या सिग्नलांची तपासणी, तिसऱ्या मिनिटाला आडवं झालं. सहा ब्लॉकांची (चिपच्या तुकड्यांची) ॲबस्ट्रॅक्ट मॉडेलं, म्हणजे सारांश, होती. पाच वाचली गेली, सहाव्यापाशी 'डेटाबेस जुन्या आवृत्तीचा आहे' म्हणून टूलने हात टेकले. तो ब्लॉक चार महिन्यांपूर्वी साइनऑफ (अंतिम मंजुरी) झालेला, करणारा आता दुसऱ्या प्रोजेक्टवर. ब्लॉक टीमला विचारलं तर ठरलेलं उत्तर: "आमच्याकडे क्लीन आहे."

ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी: मोठी चिप एका घासात तपासता येत नाही, मेमरी पुरत नाही आणि रन संपत नाही. म्हणून ब्लॉक आतून एकदा तपासायचा आणि त्याच्या वेशीवर काय आहे (कोणता पोर्ट कोणत्या क्लॉकवर, सिग्नल दुसऱ्या क्लॉकवर सुरक्षित आणणारा सिंक्रोनायझर कुठे) तेवढंच गाठोडं बांधून टॉपला द्यायचं. टॉप आत डोकावत नाही. गाठोडं बांधणारं टूल एका आवृत्तीचं आणि सोडणारं दुसऱ्या, की बोंबला.

थांबलं ते बरंच झालं म्हणतो. आधीच्या एका प्रोजेक्टमध्ये टूलने जुनं मॉडेल निमूट वाचलं होतं. एका पोर्टवरची क्लॉकची नोंद त्याला कळली नाही, ती गाळली, आणि हजारो वॉर्निंगांच्या गर्दीत आणखी एक वॉर्निंग टाकून मोकळं झालं. रिपोर्ट स्वच्छ. चूक सापडली गेट-लेव्हल सिम्युलेशनमध्ये (डिझाइन गेटांच्या पातळीवर चालवून बघताना), तीही नशिबाने.

माझं मत: पहिल्या दिवशी आवृत्ती ठरवा, ती टेपआउटपर्यंत (डिझाइन कारखान्यात जाईपर्यंत) हलवायची नाही. ब्लॉक असो की टॉप.

ब्लॉकचा_पाटील

असहमत. कागदावर छान दिसतं. प्रोजेक्ट दीड-दोन वर्षं चालतो. मध्येच टूलमधला बग सापडतो आणि त्याची दुरुस्ती फक्त पुढच्या आवृत्तीत येते. मग काय, बगसकट साइनऑफ करायचं?

शिवाय गोठवणं तुमच्या हातात असतंच असं नाही. सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला. त्यात जीलिबसी (प्रोग्रॅमांना लागणारी सिस्टिमची मूळ लायब्ररी) २.१७, पुढच्या पिढीच्या रेड हॅट ८ मध्ये २.२८. नव्या सिस्टिमवर बांधलेलं टूल जुन्या मशीनवर 'जीलिबसी २.२८ सापडत नाही' म्हणून उठतही नाही. त्यामुळे आयटीला मशीनं बदलावीच लागतात, आणि ती बदलली की तुमची ती 'न हलणारी' आवृत्ती हलते.

साइनऑफ_मास्तर

धागाकर्त्याला +१. पाटील, तुम्ही वेव्हरचा विचार केलेला नाही. ब्लॉकमध्ये टूलने दाखवलेली शेकडो उल्लंघनं माणसाने एकेक बघून, कारण लिहून माफ केलेली असतात; ती लेखी माफी म्हणजे वेव्हर. आवृत्ती बदलली की कुठे संदेशाचा मजकूर बदलतो, कुठे नियमाचं नाव. वेव्हर जुळत नाहीत आणि सगळं भूत पुन्हा अंगावर. कारण लिहिणारा माणूस निघून गेला असेल तर नवा माणूस काय करतो? जुनी कारणं कॉपी करून चिकटवतो. ही तपासणी नव्हे, सहीचा कारखाना आहे.

गाडीतल्या चिपसाठी काम करत असाल तर आयएसओ २६२६२ या वाहन-सुरक्षेच्या मानकाच्या आठव्या भागात टूलवरच्या विश्वासाचा वेगळा अध्यायच आहे. तिथे आवृत्ती बदलणं म्हणजे ते मूल्यांकन पुन्हा तपासून बघणं.

स्क्रिप्ट_कारकून

दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. मॉडेल जपून ठेवताच कशाला? सी चा प्रोग्रॅम कंपाइल केल्यावर ऑब्जेक्ट फाइल कोणी तिजोरीत ठेवतं का? आरटीएलचा (डिझाइनच्या मूळ कोडचा) टॅग, कन्स्ट्रेंट (क्लॉक वगैरेच्या अटी) आणि रन स्क्रिप्ट ठेवा. टॉप ज्या आवृत्तीत चालणार, त्याच आवृत्तीत रोज रात्री सगळ्या ब्लॉकांची मॉडेलं नव्याने बनवा. गाठोडं शिळं होण्याचा प्रश्नच मिटला.

टॉपचा_हमाल

कारकून, सहापैकी दोन ब्लॉक बाहेरून विकत घेतलेले आहेत. आरटीएल एन्क्रिप्टेड आहे, आमच्या हातात त्यांनी दिलेलं मॉडेलच. ते रात्री कशातून बनवू? आणि बाकी चार नव्याने बनवले तरी मास्तरांचा वेव्हरचा प्रश्न तसाच.

सीडची_आई

सीडीसीवरच का अडलात? सिम्युलेशनमध्येही हेच रडगाणं. ब्लॉकचं टेस्टबेंच (चाचणीचा कोड) टॉपवर वापरायचं म्हटलं आणि ते यूव्हीएम या टेस्टबेंच-लायब्ररीच्या १.१ वर निघालं, टॉप १.२ वर. एका सिम्युलेशनमध्ये लायब्ररी एकच चालते. १.१ मध्ये सीक्वेन्सच्या (चाचणीचं इनपुट पाठवणाऱ्या कोडच्या) आत 'स्टार्टिंग फेज' हे व्हेरिएबल सरळ वापरायचे, २०१४ च्या १.२ ने ते बाद ठरवून त्याजागी फंक्शन आणलं. गंमत अशी की आमच्याकडे कंपाइल झालं, पण ते व्हेरिएबल रिकामं. ऑब्जेक्शन ('टेस्ट इतक्यात संपवू नका' ही खूण) उठलंच नाही, टेस्ट शून्याव्या क्षणी संपली आणि निकाल 'पास'! दोन दिवस सगळे खूश होते.

सी++ मॉडेल जोडत असाल तर जीसीसी ५ नंतर स्ट्रिंगची अंतर्गत मांडणी बदलली आहे, स्ट्रिंग देणारी-घेणारी जुनी लायब्ररी नव्या टूलला सरळ चिकटत नाही. आणि आवृत्ती बदलल्यावर तोच सीड (यादृच्छिक चाचणीचा सुरुवातीचा आकडा) देऊन तीच चूक पुन्हा दिसेल अशी आशाही सोडा. सॉल्व्हर (यादृच्छिक किमती निवडणारा भाग) बदलला की स्टिम्युलस (इनपुट) बदलतं.

साइनऑफ_मास्तर

म्हणजे तुम्हीही गोठवण्याच्याच बाजूने.

सीडची_आई

छे! मी म्हणते, गुपचूप बदलण्याच्या विरोधात. व्हेरिलेटर या सिम्युलेटरने पाचव्या आवृत्तीत काय केलं बघा. आधी कोडमधला विलंब तो वॉर्निंग देऊन सोडून द्यायचा. आता असा कोड असेल तर टायमिंग हवं की नको हे सांगितल्याशिवाय पुढेच जात नाही. लोकांनी शिव्या घातल्या, पण कुणाची फसवणूक तरी होत नाही. टॉपच्या स्क्रिप्टमध्येही हेच करा: प्रत्येक मॉडेलवर टूलची आवृत्ती लिहिलेली हवी, जुळली नाही तर रन सुरूच होऊ नये.

ब्लॉकचा_पाटील

हे मान्य. आवृत्ती बदलू द्या, पण उघड. हमाल, सहाव्या ब्लॉकचं पुढे काय झालं?

टॉपचा_हमाल

काल नव्या आवृत्तीत पुन्हा चालवला. अकरा नवी उल्लंघनं. नऊ फालतू. दोन खरी वाटतायत, जुनं टूल त्या मार्गापर्यंत पोचतच नव्हतं बहुधा. त्यामुळे 'हलवायची नाही' हे माझं वाक्य जरा मागे घेतो, मास्तर, रागावू नका. अडचण एवढीच की त्या नऊ वेव्हरवर सही कोण करणार हे अजून ठरलेलं नाही. ब्लॉक टीम म्हणते टॉपने करावी, कारण आवृत्ती आम्ही बदलली.