दलदलीत सगळ्यांच्या पुढे चालणारा : ‘पॉइंट मॅन’ला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठ, दाभोळ
मंडळी, एका युद्धकथेचा अनुवाद करते आहे आणि एकाच शब्दापाशी अडले आहे. काळ १९६७. जागा व्हिएतनाममध्ये, सायगावच्या आग्नेयेचा ‘रुंग सात’ नावाचा दलदलीचा कांदळवनी प्रदेश. माणसं अमेरिकन नौदलाच्या ‘सील’ ह्या कमांडो पथकातली. सात जणांची तुकडी रात्री ओहोटीला होडीतून उतरते आणि कांदळवनात शिरते. सर्वांत पुढे असतो तो ‘पॉइंट मॅन’. तार लावलेला सुरुंग असेल तर आधी त्याच्या पायाला लागणार, शत्रू आधी त्यालाच दिसणार. लेखकाने त्याला नावच दिलेलं नाही, त्यामुळे हा शब्द परिच्छेदागणिक येतो.

‘वाटाड्या’ चालत नाही, कारण कथेत स्थानिक वाटाड्या वेगळा आहे आणि ह्याचा त्याच्यावर विश्वास नाही. ‘म्होरक्या’ म्हटलं की टोळी आठवते. ‘आघाडीवरचा जवान’ म्हणजे सीमेवरचा कोणीही. सुचवा.

गडवाटा
ताई, शब्द आपल्याकडे तयार आहे : बिनी. सैन्याची पुढची फळी ती बिनी, मागची ती चंदावल. पेशवाईत बिनीवाले हे आडनाव झालं ते ह्याच कामावरून. ‘बिनीचा’ एवढं लिहा, वाचक बरोबर ओळखेल. तुकडीत शेवटी चालणारा असेल त्याला ‘चंदावलीचा’ म्हणा, जोडी जमते.

शुद्धमती
बिनी फारसी आहे, मूळ अर्थ नाक. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असले शब्द काढून टाकण्यासाठीच. ‘अग्रचर’ का नको? अर्थ स्वच्छ आहे आणि मराठी माणसाला फोडून सांगावा लागत नाही.

गडवाटा
नाक म्हणून तर तो शब्द इथे शोभतो! सगळ्या अंगाच्या पुढे नाक असतं. आणि फारसी काढायचं तर पोर्तुगीजही काढा. ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून आलं. तरीही आज्ञापत्रात रामचंद्रपंत लिहितात, ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’. ‘कमांडो’सुद्धा मुळात पोर्तुगीजच. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांनी तो आपल्या घोडेस्वार तुकड्यांना लावला आणि त्यांच्याशी लढताना इंग्रजांनी उचलला. ‘आरमारी कमांडो’ लिहिलं तर दोन्ही शब्द एकाच घरचे.

शुद्धमती
रुळलेले शब्द मी काढा म्हणत नाही. नवा शब्द घ्यायची वेळ आली की आपलं दार आधी ठोठवावं, एवढंच म्हणणं आहे. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसले होते. आज ते कुणाला खटकतात?

निवृत्त, कुलाबा
नौदलात होतो म्हणून लिहितो. पायदळाच्या गस्तीत पुढच्याला सरळ ‘स्काउट’ म्हणतात. आपले मार्कोस, म्हणजे भारतीय नौदलाचे कमांडो, १९८७ मध्ये उभे राहिले आणि त्याच वर्षी श्रीलंकेत जाफन्यात गुरुनगरच्या धक्क्यावर पाण्यातून गेले. त्या मोहिमेवर कधी मराठीत लिहिलं गेलं तर पोरं जे बोलतात तेच कागदावर यावं. २०२३ चा नौदल दिन तारकर्लीला झाला, तेव्हा किनाऱ्यावरच्या गर्दीत आजीबाईसुद्धा ‘ते बघ मार्कोस’ म्हणत होत्या. बिनी कुणी म्हटलं नसतं.

खाडीकाठ, दाभोळ
काका, तुमचं पटतं. पण माझा माणूस अमेरिकन आहे, त्याच्या तोंडी आपल्या पायदळाचा शब्द घातला तर तो मऱ्हाटा होईल. आणि ‘स्काउट’ म्हटलं की शाळेतला रुमाल आणि शिट्टी आठवते.

कुर्लेवाला, आचरा
तुम्ही सगळे घोड्यावरून शब्द शोधताय. हा माणूस चिखलात आहे! आमच्या खाजणात कुर्ल्या धरायला जाताना आजो पुढे असायचा. हातात काठी, ती आधी रोवायची, मग पाऊल. कांदळाच्या मुळांवर कालवं बसलेली असतात, पाय घसरला तर तळवा फाटतो. तो मागे न बघता सांगायचा, ‘माझ्या पावलार पाय ठेव, भायर ठेवलंस तर रुततलंस.’ तुमचा पॉइंट मॅन हेच करतो ना? मग ‘पावलं दाखवणारा’, ‘पाऊल काढणारा’ अशा अंगाने बघा. एका शब्दाचा हट्ट सोडलात तर बरंच मोकळं होईल.

खाडीकाठ, दाभोळ
हे फार जवळचं आहे. कथेतला माणूस बूट काढून अनवाणी चालतो. त्या पथकातले काही जण खरोखर तसे चालत, चिखल आणि तार तळव्याला कळावी म्हणून. ‘पाऊल काढणारा’ क्रियापद म्हणून कथेत नक्की येईल. पण हाक मारायला नाम लागतंच.

वैद्यबुवा
थोडं वेगळं. मूळ पुस्तकात ‘जंगल’ असेल, ते तसंच ठेवू नका. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, विरळ झाडांचा प्रदेश. आयुर्वेदात देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार आहेत, आणि पाणथळ तो आनूप. इंग्रजांनी आपल्याकडून शब्द नेला आणि दाट ओल्या रानाला लावला. रुंग सात आनूप आहे. तिथल्या लढाईला ‘जंगलयुद्ध’ म्हणणं म्हणजे शब्द उलटा घालणं.

कुर्लेवाला, आचरा
वैद्यबुवा, आज जंगल म्हटल्यावर कोरडं माळरान कुणाच्या डोळ्यांपुढे येतं? अर्थ बदलला, बदलू द्या. पण कांदळवन आणि जंगल वेगळं, हे बरोबर. कांदळवनात सावली असते पण वाट नसते, आणि होती ती वाट भरतीला पुसते.

शुद्धमती
‘खारफुटी’ का नाही? पाठ्यपुस्तकात तोच शब्द आहे.

कुर्लेवाला, आचरा
खारफुटी हे सगळ्या कुळाचं नाव. तिवर वेगळं, चिपी वेगळी, कांदळ वेगळा. राज्याने २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्य कांदळवृक्ष जाहीर केला, म्हणजे सरकारी कागदातसुद्धा चिपीला कांदळ म्हटलं. लढवय्याला फरक पडतो. तिवराची मुळं चिखलातून सुयांसारखी वर येतात, कांदळाची कमानीसारखी आडवी येतात. एकात तळवा जातो, दुसऱ्यात गुडघा. ताई, तुमच्या पुस्तकात मुळं कशी वर्णिली आहेत?

खाडीकाठ, दाभोळ
कमानी. वाकून, कधी रांगत जावं लागतं.

कुर्लेवाला, आचरा
मग कांदळच. युद्धात अमेरिकनांनी झाडं मारायला केलेल्या रसायनाच्या फवारणीने तिथलं पुष्कळ कांदळवन मेलं होतं, युद्धानंतर पुन्हा लावलं तेही मुख्यतः कांदळच. आता एक सांगा, उतरताना चंद्र कसा आहे?

खाडीकाठ, दाभोळ
अर्धा. आणि पुढच्याच ओळीत ‘पाणी तळापर्यंत ओसरलं होतं’ असं आहे.

कुर्लेवाला, आचरा
अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असतो, पाणी फार उतरत नाही. तळ उघडा पडायचा तर अमावास्या-पुनवेचं उधाण पाहिजे. लेखकाला खाडी माहीत नाही.

निवृत्त, कुलाबा
सायगावचं पाणी आचऱ्याच्या हिशेबाने का चालावं? तिथल्या नदीमुखांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. भरती-ओहोटीचं कोष्टक न बघता लेखकाला खोटं पाडू नका.

कुर्लेवाला, आचरा
चंद्र सगळीकडे तोच आहे, काका. कोष्टक आणा, मग बोलू.