मदत हवी आहे: डोनेपेझिल चालू असूनही विसरणं वाढलंय

ओलीवाट:
बाबांना अल्झायमरसाठी डोनेपेझिल ही गोळी सुरू होऊन दोन महिने झाले, आता १० मिग्रॅ. फरक सोडाच, गोंधळ वाढलाय. जेवून उठले की पाच मिनिटांत "जेवायचं कधी?" डोस वाढवावा का? प्लीज लवकर सांगा.

पिंपळपान:
वय? हळूहळू वाढलं की एकदम? दिवसभर सारखंच असतं की कमीजास्त? बाकी गोळ्या कोणत्या? हे कळल्याशिवाय डोसबद्दल काय सांगणार?

शब्दवेडा:
रोज एक शब्दकोडं द्या. मेंदू चालता ठेवला की गोळ्या लागत नाहीत.

निशिगंध:
शब्दवेडा, कोडी सोडवून मुख्यतः कोडीच चांगली सुटायला लागतात. नाव ओठांवर अडणं आणि मागाहून आठवणं, हे वयाचं. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, आधी खराब होतो, प्रसंगाची नोंदच नीट होत नाही. म्हणून "भाजी कोणती होती?" अशी आठवण करून दिली तरी जेवण आठवत नाही.

गुणसूत्र:
मुलांनी एपीओई-ई४ (अल्झायमरचा धोका वाढवणारं जनुक) तपासून घ्यावं.

निशिगंध:
ई४ असूनही आजार होत नाही आणि नसूनही होतो. शिवाय इथे तो प्रश्नच नाही.

ओलीवाट:
वय ७८. तीन आठवड्यांत वाढलं. दिवसा पेंगतात, रात्री उठून कपाट उपसतात. बीपीची गोळी आहे. आणि महिन्याभरापूर्वी लघवी आवरेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिली, ५ मिग्रॅ, दोनदा. त्याचा इथे काय संबंध म्हणून लिहिलं नव्हतं.

पिंपळपान:
सगळा संबंध तिथेच दिसतोय! डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन (आठवणीला लागणारं मेंदूतलं रसायन) वाढवते, ऑक्सिब्युटिनिन त्याचंच काम अडवते. एक गोळी दुसरीवर पाणी फिरवते. त्यात लघवीची घाई हा डोनेपेझिलचाच दुष्परिणाम असू शकतो, म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी आली. दोन्ही पाकिटं एकाच डॉक्टरांसमोर ठेवा, सुरू केल्याच्या तारखांसकट. लघवीच्या घाईवरची दुसरी गोळी, मिराबेग्रॉन, या वाटेने जात नाही, तिच्याबद्दल विचारा. बीपीवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. सर्दी-खोकल्याचं झोप आणणारं औषध चालू असेल तर तेही सांगा.

निशिगंध:
सगळं गोळीवर ढकलू नका. तीन आठवड्यांत वाढलेला गोंधळ आणि पेंग म्हणजे डिलिरियम (आजाराने किंवा औषधाने अचानक येणारा गोंधळ) असू शकतो. लघवीची तपासणी, सोडियम, साखर बघायलाच हवी. मधे पडले होते का? डोक्याला मार लागला असेल तर सीटी स्कॅन. घरी डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगा. आधी जमत होतं आणि आता मधेच धागा सुटत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ओलीवाट:
पडले नाहीत. आज रात्रीची ऑक्सिब्युटिनिन देऊ का?

पिंपळपान:
देण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा. डोनेपेझिल आपल्या मनाने बंद करू नका. ऑक्सिब्युटिनिनने लघवी अडकू शकते, म्हणून दुपारपासून लघवी झाली आहे का, ते आत्ता बघा. झाली नसेल आणि ओटीपोट फुगलं असेल तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात न्या.