महाधिवक्ता आणि ॲटर्नी जनरल एकच नव्हेत

'अमेरिकेतल्या राज्याचा ॲटर्नी जनरल म्हणजे आपला महाधिवक्ताच' असं कुणीतरी लिहिलंय. (दोघेही राज्य सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, म्हणून.) इथे थोडी गल्लत होतेय. आपला महाधिवक्ता राज्यघटनेच्या कलम १६५ नुसार राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर. (महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांच्यासारखा १९५७ ते १९७४ टिकणारा विरळाच!) तिकडे मात्र ५० पैकी ४३ राज्यांत लोकच त्याला थेट निवडून देतात. त्यामुळे गव्हर्नरला न जुमानण्याची सोय आपोआप होते.

मिसिसिपीचं उदाहरण बघा. १९९४ मध्ये तिथले ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा ठोकला. मुद्दा साधा होता : धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचाराचा खर्च राज्याच्या तिजोरीतून जातो, तो कंपन्यांनी भरावा. गव्हर्नर फोर्डायस यांना हे पटेना. ते आपल्याच राज्याच्या ॲटर्नी जनरलविरुद्ध कोर्टात गेले, आणि हरले. पुढे मिसिसिपीसह चार राज्यांनी स्वतंत्र तडजोड केली; उरलेल्या ४६ राज्यांनी १९९८ मध्ये केलेल्या कराराचा आकडा होता २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर. अर्थात निवडणूक आली की राजकारणही आलंच. या ॲटर्नी जनरलांपैकी बरेच जण पुढे गव्हर्नरपदासाठी उभे राहतात.