पिकअपचं पुढचं सस्पेन्शन टिकेना : बुश आणि बॉल जॉइंट वरचेवर जातायत

गूळगाडी_कळे
राम राम मंडळी. माझ्या पिकअपला पुढं टॉर्शन बार (पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) आहेत, मागं कमानपाटे. हंगामात कळे-साळवण पट्ट्यातल्या गुऱ्हाळांवरनं गूळ भरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात टाकतो, येताना सिमेंट नाहीतर पेंड मिळते. गाडी घरची आहे, ड्रायव्हर मीच.

त्रास असा की पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, आणि चाकाकडचे खालचे बॉल जॉइंट, म्हणजे गोळीचे सांधे, हंगामसुद्धा काढत नाहीत. सकाळी गाडी काढली की पहिल्या वळणाला कटकट वाजतं. गतिरोधकावरनं उतरताना धाडकन आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते आणि डावा टायर आतल्या कडेनं तारा दिसेपर्यंत खाल्लाय.

गॅरेजवाले म्हणतात, रस्तेच तसलेत. पण आमच्याच गल्लीत दुसरी पिकअप आहे, तेच मॉडेल, तोच रस्ता, तोच माल. त्याचे बुश आरामात दोन हंगाम जातात. मग माझेच का खातायत? काढलेल्या बुशाचा फोटो टाकलाय. आतल्या नळीपासनं रबर अर्ध्या चंद्रासारखं फाटून सुटलंय.

घाटवाट
भावा, लोड जास्त होत असणार. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश टाक, परत बघायला नको.

उद्यमनगर_फिटर
पॉलियुरेथेनची घाई करू नका. फोटो मोठा करून बघितला. रबर दबून चेपलेलं नाही, पिळून फाटलंय. रस्त्याच्या दणक्यानं गेलेला बुश एका अंगाला चपटा होतो आणि नळी मध्यातनं सरकते. तुमची नळी मध्यातच आहे. म्हणजे हा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत चालत होता.

हे कसं होतं ते सांगतो. या बुशात बाहेर एक नळी, आत एक नळी आणि मध्ये दोन्हीला चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट बसते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होताना फक्त रबर पिळ खातं. गाडी जॅकवर असताना आर्म पूर्ण खाली लोंबतो. बहुतेक ठिकाणी तशातच बोल्ट फायनल आवळतात, कारण पान्याला जागा असते. मग गाडी खाली उतरली की आर्म वर येतो, म्हणजे उभ्या गाडीतसुद्धा रबराला पिळ. त्यावर रोजचे खड्डे. नवा कोरा ओरिजनल बुशसुद्धा त्यात टिकणार नाही.

बोल्ट आधी हातानं नुसते लावून घ्यायचे, चाकं चढवायची, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढून दाबून दोन-तीनदा हलवायची आणि मग गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर उभी करून खालनं बोल्ट आवळायचे. कामाला अर्धा तास जास्त लागतो, म्हणून कुणी करत नाही. तुम्ही समोर उभं राहून करून घ्या.

आता एक सांगा, गाडी पुढनं उचलून घेतलीय का?

गूळगाडी_कळे
होय. भरल्यावर पुढनं बसायची, म्हणून गॅरेजात बार पिळून वर करून दिली. लोड घ्यायची ताकद वाढते म्हणाले. गुळाचे रवे (ढेपा) केबिनच्या जाळीला टेकवून लावतो, घाटात सरकायला नकोत म्हणून.

उद्यमनगर_फिटर
मग बॉल जॉइंटचंही कारण तिथंच आहे. बार पिळल्यानं त्याची ताकद वाढत नाही. बार तेवढाच कडक राहतो, फक्त गाडीची उंची बदलते. उंची वाढली की आर्म खालच्या बाजूला तिरपा होतो, बॉल जॉइंट सदानकदा कोनाच्या टोकाला चालतो आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. गतिरोधकावरनं उतरताना धाडकन येतं ते हेच, आर्म खालच्या स्टॉपवर आपटतो. वर येताना आपटला असता तर आवाज चढताना आला असता. तुम्ही आवाज नेमका सांगितलात म्हणून कळलं.

बार कंपनीच्या उंचीला परत आणा. दोन्हीकडं चाकाच्या मध्यापासनं मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून माप घ्या, डावं-उजवं सारखं आलं पाहिजे. उंची आधी, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) नंतर. आधी अलाइनमेंट करून मग उंची बदलली तर पैसे पाण्यात.

आणि माल. 30 किलोचे रवे केबिनला चिकटवून थप्पी मारली की बराच भार पुढच्या चाकांवर जातो, करूळ घाट उतरताना ब्रेक मारला की आणखी. थप्पी मागच्या आसाच्या किंचित पुढं धरा. फार मागंही नको, पुढची चाकं हलकी झाली तर स्टिअरिंग लागत नाही. केबिनकडं जी जागा राहील तिथं लाकडी फळी आडवी अडकवा आणि वरनं पट्टा मारा, रवे सरकणार नाहीत. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यांनाही हेच.

आजरा_टेम्पो
एक भर घालतो. बॉल जॉइंटचा रबरी बूट, म्हणजे वरचं टोपण, बघत जा. आमच्याकडं पावसात तांबडी माती आत शिरते, ग्रीस धुऊन जातं आणि जॉइंट वाळू घातल्यासारखा झिजतो. बालिंग्याकडं रस्त्यावर पाणी असताना त्यातनं गाडी काढत असाल तर पाणी ओसरल्यावर बूट तपासायचाच. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायची तोटी) असेल तर ग्रीस मारा, पण बूट फुगून फुटेपर्यंत पंप मारू नका.

गूळगाडी_कळे
जॉइंट खरंच गेलाय का ते घरी कसं बघायचं? गॅरेजात चाक हलवून दाखवतात, मला त्यातलं काही कळत नाही.

उद्यमनगर_फिटर
मागच्या चाकांना दगड लावा. तुमचा बार लोअर आर्मला जोडलेला असेल तर जॅक चासीला नाही, लोअर आर्मलाच लावायचा, जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका. चासी उचलली तर बारचा दाब जॉइंटवर राहतो आणि गेलेला जॉइंटही घट्ट वाटतो. टायर जमिनीपासनं बोटभर सुटला की खाली पहार घालून वर उचला आणि दुसऱ्याला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. टकटक लागली तर गेला. चाक वर-खाली धरून हलवल्यावर हलत असेल तर हबचं बेअरिंगही बघा. डावी-उजवीकडं हललं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा.

नवीन बुश घालण्याआधी ब्रॅकेटची भोकं बघून घ्या. अंडाकृती झाली असतील तर बोल्ट कितीही आवळा, आर्म सरकत राहणार आणि टायर आतनं खातच राहणार.

गूळगाडी_कळे
बघतो उद्याच. डाव्या बाजूचा बार जरा वाकल्यासारखा वाटतोय. जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा उजवा मिळतोय, तो चालेल का?

उद्यमनगर_फिटर
नाही. बार बनवतानाच एका दिशेनं पिळ दिलेला असतो. डावा डावीकडंच, उजवा उजवीकडंच. टोकावर खूण असते, ती पुसून बघा आणि डावाच आणा.