‘रेनड्रॉप’ गोड? मधला भाग ऐकलाय का?

काळी चार:
‘चहा, खिडकी आणि शोपँचा रेनड्रॉप, किती गोड!’ कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ‘रेनड्रॉप’ म्हणजे शोपँची पियानोसाठीची छोटी रचना, एक प्रेल्यूड. सुरुवातीला डी फ्लॅट मेजर या स्केलमध्ये डावा हात ए फ्लॅट हा सूर हळुवार वाजवत राहतो. मध्ये सी शार्प मायनर हे उदास स्केल आलं की तोच जी शार्प म्हणून उजव्या हातात जातो. पियानोची पट्टी तीच, काळी चार (सप्तकातली चौथी काळी). पण खालून जड सूर दबक्या पावलांनी येतात आणि दोनदा फॉर्टिसिमोपर्यंत, म्हणजे अगदी जोरात, चढतात. ही अंत्ययात्रा आहे. आणि ‘रेनड्रॉप’ हे नाव शोपँने दिलेलंच नाही.

खिडकीवाली:
पोस्ट माझीच. १८३८-३९चा हिवाळा, स्पेनच्या मायोर्का बेटावरचा वाल्देमोसाचा मठ, छपरावर पाऊस. त्याची जोडीदार, लेखिका जॉर्ज सँड हिने आत्मचरित्रात लिहिलंय ना?

काळी चार:
पुढचंही वाचा. तिने थेंबांचा आवाज दाखवला तर शोपँ चिडला, नक्कल म्हटलेलं त्याला खपलं नाही. शिवाय प्रेल्यूड कुठला ते तिने लिहिलेलं नाही. काही जण सहावा धरतात.

जव्हारी:
सा काळी एक धरा, म्हणजे तुमचा डी फ्लॅट, की हा सूर पंचम! तानपुऱ्याची पहिली तार.

डावा हात:
झालं, आला तानपुरा. दिसेल त्यात राग शोधायची खोड कधी जाणार? इथे खालची हार्मनी, म्हणजे सोबत वाजणारे सूर, बदलते म्हणून तोच सूर वेगळा वाटतो. तानपुऱ्यात काय बदलतं?

जव्हारी:
खोड? तीस वर्षं तानपुरे लावतोय. भूप रागात तोच पंचम निवांत असतो, तोडी रागात टोचतो. तार बदलत नाही, भोवतालचे सूर बदलतात. तुम्ही वेगळं काय म्हणताय?

डावा हात:
बरं, तेवढं मान्य. पण ‘रेनड्रॉप’ या नावाने नुकसान केलंय. माझ्या परीक्षेत शेरा मिळाला, ‘थेंब ऐकू आले नाहीत’. मधल्या भागासाठी चार महिने घासलेल्या डाव्या हाताबद्दल एक अक्षर नाही!

खिडकीवाली:
बाबा आयसीयूत होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर रोज रात्री हेच ऐकायचे. मधला भाग आला की पुढे ढकलायचे. सहन व्हायचा नाही. ‘गोड’ मागे घेते. पाऊस नाही घेणार.

काळी चार:
पाऊस ठेवा. पण एकदा सलग ऐका. अगदी शेवटी तो सूर थांबतो आणि वरची ओळ दोन बार (तालाची दोन मापं) एकटीच वाजते.